घरचा पास्ता
इटलीच्या एमिलिया-रोमान्या प्रांतात ताजा पास्ता अंडी घालून मळतात: १०० ग्रॅम मऊ गव्हाच्या पिठाला एक अंडे. कणीक चांगली तिंबून अर्धा तास झाकून ठेवतात. ही विश्रांती टाळली, तर पोळी लाटताना आक्रसते. लांब लाटण्याने ती अगदी पातळ लाटून, गुंडाळी करून कापली की तालियातेल्ले तयार. शिजलेली पट्टी ८ मिलिमीटर रुंद हवी, हे माप बोलोन्याच्या व्यापारी मंडळात १९७२ साली रीतसर नोंदवलेले आहे. दक्षिणेत कठीण गव्हाचा रवा आणि पाणी एवढेच पुरते. पास्ता मार्को पोलोने चीनहून आणला, ही कथा मात्र खोटी. तो १२९५ साली परतला. सिसिलीतल्या त्राबियाहून पास्ता जहाजांनी दूरवर जातो, असे भूगोलज्ञ अल्-इद्रिसीने ११५४ सालीच लिहून ठेवले होते.