देवासमोरची तागडी

मापात पाप नको हे कुणीही सांगेल. पण प्राचीन इस्राएली शास्त्राने वजनं थेट उपासनेच्या पंक्तीला बसवली. लेवीय ग्रंथाच्या 19व्या अध्यायात शब्बाथ, मूर्तींची मनाई आणि खरी तागडी एकत्रच येतात. निर्गम ग्रंथ पवित्र मंडपासाठी माणशी अर्धा शेकेल वजनाची चांदी मागतो. श्रीमंताला जास्त नाही, गरिबाला सूट नाही. यहूदाच्या राजांच्या काळात चांदी मोजायची ती तोलूनच. वजन खोटं, तर अर्पणही खोटं.

कुणी म्हणेल, हा बाजाराचा मामला. आठ शेकेल म्हणजे इजिप्तच्या वजनांतला एक देबेन, मग यात धर्म कुठला? माप व्यापारातून आलं हे खरंच. तरीही आमोस संदेष्टा चिडतो तो शब्बाथ संपायची वाट पाहत एफा, म्हणजे धान्याचं माप, लहान करणाऱ्यांवर, म्हणजे सण पाळून काटा मारणाऱ्यांवर. उत्खननात चुनखडीची घुमटाकार वजनं सापडली आहेत, शेकेल साधारण 11.3 ग्रॅमचा. त्यांत थोडाफार फरक आढळतो. पण तेवढ्यावरून लबाडी ठरत नाही. हाताने घासलेल्या दगडांत पासंग राहायचाच. त्याच शास्त्रातल्या अनुवाद ग्रंथाला खुपतं ते वेगळंच: एकाच थैलीत जाणूनबुजून ठेवलेले दोन दगड, एक जड, एक हलका.