सव्वादोन तासांचं विमान, साडेदहा तासांचा प्रवास

 आमचा बचत गट मुरबाड तालुक्यातला.

मुंबई ते दिल्ली सरळ रेषेत साधारण 1,140 किलोमीटर. विमानाला लागतात सव्वादोन तास. हे आकडे आम्हालाही तोंडपाठ होते, आणि तिथेच आम्ही फसलो.

दिल्लीच्या प्रदर्शनात आम्हाला स्टॉल मिळाला होता. आम्ही चौघी, नाचणीचे पापड आणि कुरडयांची खोकी. विमान सकाळी 9 चं. तीन तासांचा रस्ता म्हणून आम्ही पहाटे 5 ला निघालो. कल्याणला अडकलो, पुढे ठाण्यालाही. विमानतळावर पोहोचलो तेव्हा 8 वाजून 10 मिनिटं झाली होती. सामान घेण्याची खिडकी तासभर आधीच, म्हणजे 8 ला बंद झाली होती. दहा मिनिटांसाठी चार तिकिटं बुडाली. नवीन तिकिटांना गटाची बचत मोडली. पहिल्या दिवशी आमचा स्टॉल रिकामाच राहिला.

तेव्हापासून आम्ही उंबरठ्यापासून हिशेब करतो, तोही उलटा. विमान 9 चं, तर विमानतळावर 7 ला. रस्त्याचे तीन तास आणि गर्दीसाठी एक तास राखून, म्हणजे घर सोडायचं पहाटे 3 ला. दिल्लीत उतरायचं सव्वाअकराला, सामान हातात येईपर्यंत 12, प्रदर्शनाच्या जागी दीड. झाले साडेदहा तास!

विमान आभाळात तासाला 800 किलोमीटरच्या आसपास पळतं. मग दीड तासात का पोहोचत नाही? कारण धावपट्टीपर्यंत सरकणं, वर चढणं, उतरायला आपली पाळी येईपर्यंत थांबणं, हे सगळं त्या सव्वादोन तासांतच येतं. शिवाय वाटही अगदी सरळ नसते.

आता रेल्वे बघा. कल्याणहून राजधानी संध्याकाळच्या सुमाराला मिळते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी 10 च्या आसपास दिल्लीला पोहोचवते. घरापासून स्टॉलपर्यंत साधारण वीस-एकवीस तास. म्हणजे विमानाने वाचतात ते दहाएक तास, आणि रेल्वेतली रात्र तर झोपेतच जाते. थ्री एसीच्या तिकिटावर माणशी 40 किलो सामान नेता येतं, विमानात बहुतेक वेळा 15 किलोच.

घरी तान्हं बाळ असेल, कुणी आजारी असेल, तर दहा तास मोठे असतात. तेव्हा विमान खुशाल घ्या. पण डिसेंबर-जानेवारीत दिल्लीत धुकं दाटतं, विमानं आणि गाड्या दोन्ही रखडतात. त्या दिवसांत विक्रीच्या आदल्या दिवशीच पोहोचा.

आणि तिकीट काढण्याआधी बैठकीत पाटीवर लिहा: घर कधी सोडायचं, स्टॉलवर कधी पोहोचायचं. मधली वेळ सगळ्याजणी मिळून मोजा. आम्ही ती मोजली नव्हती.