किती वेळा चार्ज, किती दिवस साथ



स्वागत समितीच्या वतीने आपणां सर्वांचे पुण्यात मनःपूर्वक स्वागत! राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि सी-मेट या संशोधन संस्थांच्या या शहरात बॅटरीच्या पदार्थांवर काम करणारी बरीच मंडळी आहेत. त्यामुळे इथे तुम्हाला प्रश्न विचारणारे कमी पडणार नाहीत.

1991 मध्ये सोनीने लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली. आज तिच्या ॲनोडमध्ये मुख्यतः ग्रॅफाइट असते. एका ग्रॅममध्ये ते सुमारे 372 मिलिअँपिअर-तास विद्युतभार साठवते. सिलिकॉनची सैद्धांतिक क्षमता याच्या जवळपास दहापट. पण लिथियम आत शिरले की सिलिकॉन फुगून जवळजवळ चौपट होते आणि ते बाहेर पडले की आक्रसते. चार्ज-डिस्चार्जच्या चार-दोन फेऱ्यांत मोठ्या कणांचा भुगा होतो. स्टॅनफर्डच्या यी कुई यांच्या गटाने 2007 मध्ये यावर मार्ग दाखवला. त्यांनी सिलिकॉनच्या नॅनोतारा थेट स्टेनलेस स्टीलच्या पत्र्यावरच वाढवल्या. दोन तारांमध्ये फुगायला मोकळी जागा, आणि प्रत्येक तारेचे बूड पत्र्याला चिकटलेले, म्हणजे वीजवहनाची वाट शाबूत! मला ही रचना आजही फार देखणी वाटते.

2016 मध्ये अर्व्हाइनच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात पीएच.डी.ची विद्यार्थिनी म्या ले थाई हिने सोन्याच्या नॅनोतारांवर मँगनीज डायऑक्साइडचा थर देऊन त्या जेलमध्ये ठेवल्या. त्यांनी दोन लाख फेऱ्या झेलल्या. मात्र तो होता कपॅसिटर, बॅटरी नव्हे. वर्तमानपत्री मथळ्यांत हा फरक हरवला.

म्हणूनच वक्त्यांना माझे कळकळीचे सांगणे आहे. नॅनोतारेचे पृष्ठफळ मोठे. फुगवट्याने तिच्यावरचा संरक्षक थर तडकतो, पुन्हा तयार होतो आणि दरवेळी थोडे लिथियम गिळतो. अर्ध-सेलमध्ये समोर लिथियम धातूचा भरपूर साठा असल्याने ही गळती दिसत नाही. तेव्हा पूर्ण सेलचे आलेख दाखवा, आणि क्षमता कुठे घसरली तो भागही दाखवा. रिक्षा किंवा स्कूटर कर्ज काढून घेणाऱ्या माणसाला बॅटरी किती वर्षे चालेल, हेच हवे असते. त्याला उत्तर देणे आपले काम आहे.

पोस्टर्स दुपारच्या चहानंतर तळमजल्यावर लागतील. ज्येष्ठांनी तिथे जरूर यावे, मुले वाट पाहत असतात. आता मी उद्घाटकांना दीपप्रज्वलनाची विनंती करतो.