लूसचा पायपर

प्लेगचा गोरा सोल्जर म्हटलं की आपल्यापुढे एकच चित्र उभं राहतं. बुटांसकट माजघरात शिरणारा, अंथरूण-पांघरूण रस्त्यावर फेकणारा, बायकाबापड्यांना बाहेर काढणारा. ते चित्र खोटं नाही. पुण्यात प्लेगचा अधिकारी रँड याचा खून झाला तो याच संतापातून. पण या सोल्जरांनाही नावगाव होतं, मागे आईबाप होते, हे आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत फारसं येत नाही. त्यांच्यातल्याच एकाची हकिकत आज सांगतो.

त्याचं नाव डॅनियल लेडलॉ. जन्म २६ जुलै १८७५ चा, स्कॉटलंडच्या बेरिकशायरमधल्या लिटल स्विंटन नावाच्या खेड्यातला. हा मुलूख सरहद्दीचा. मधे ट्वीड नदी, पलीकडे इंग्लंड. शेती, मेंढरं, आणि सणासमारंभाला बॅगपाइप. १८९६ साली हा पोरगा पलटणीत भरती झाला, तीही इंग्रजी पलटण, डरहॅम लाइट इन्फन्ट्री. तिच्याबरोबर तो हिंदुस्थानात आला आणि बाविशीतच मुंबईच्या प्लेगच्या कामावर लागला.

मुंबईत प्लेग पहिल्यांदा ओळखला तो १८९६ च्या सप्टेंबरात, मांडवी भागात, डॉ. अकासिओ व्हिएगस या गोवेकर डॉक्टरांनी. पुढच्या वर्षी साथरोगाचा कायदा आला आणि लष्कराला कामाला लावलं गेलं. चाळी तपासायच्या, रोगी शोधून इस्पितळात धाडायचा, घर धुऊन चुना मारायचा, सामान जाळायचं. लोक आजाऱ्याला लपवत, सोल्जर त्याला हुडकत. १८९८ च्या मार्चमध्ये तर शहरात दंगल उसळली. त्याच वर्षी लेडलॉला प्लेगमधल्या कामगिरीबद्दल सरकारी प्रशस्तिपत्र मिळालं. कामाठीपुऱ्यातल्या किंवा मांडवीतल्या एखाद्या म्हातारीला कुणी विचारलं असतं, तर तिने या प्रशस्तिपत्राबद्दल काय सांगितलं असतं, ते मी सांगायला नको. पण रोगाच्या घरात शिरायचं काम जिवावरचं होतं, हेही खरंच.

त्याच साली त्याचा थोरला भाऊ मधे पडला. भाऊ होता किंग्ज ओन स्कॉटिश बॉर्डरर्स या पलटणीत, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या मुलखाच्या पलटणीत. लष्कराच्या नियमाप्रमाणे थोरला भाऊ धाकट्याला आपल्या पलटणीत मागून घेऊ शकत असे. त्याने मागून घेतलं, आणि डॅनियल पायपर, म्हणजे पलटणीचा बॅगपाइपवाला, झाला. १९१२ पर्यंत नोकरी करून तो घरी परतला. १९१४ साली महायुद्ध लागलं तेव्हा बायकोमुलांना मागे ठेवून पुन्हा पलटणीत रुजू झाला.

आता थोडं बॅगपाइप या वाद्याबद्दल सांगतो, कारण पुढची सगळी गोष्ट त्याच्यावर उभी आहे. बॅगपाइपला एक पिशवी असते, तिच्यात तोंडाने हवा भरायची आणि काखेत दाबायची. बोटांखाली जी नळी असते तिच्यावर नऊ सूर. खांद्यावर तीन नळ्या, त्या एकाच सुराला धरून घुमत राहतात. आपल्याकडे सनईच्या मागे सूर धरणारा वेगळा माणूस बसतो. इथे मुख्य वाजवणारा आणि सूर धरणारा एकच, म्हणून छाती दणकट लागते. सतत, खोल श्वास घ्यावा लागतो.

२५ सप्टेंबर १९१५. उत्तर फ्रान्समधलं लूस, कोळशाच्या खाणींचा भाग. त्या सकाळी इंग्रज सैन्याने पहिल्यांदाच विषारी वायू वापरला, सुमारे १४० टन क्लोरीन. वाऱ्याने दगा दिला आणि काही ठिकाणी तो वायू त्यांच्याच खंदकांत उलटला. सैनिकांकडे औषधात भिजवलेल्या कापडी टोप्या होत्या, डोक्यावरून गळ्यापर्यंत ओढायच्या. त्या घालून माणसं गुदमरायची, काढल्या तर वायू. लेडलॉच्या कंपनीतले जवान हल्ल्याच्या ऐन वेळी खंदकातच घुटमळले. अधिकाऱ्याने लेडलॉकडे पाहून वाजवायला सांगितलं. चाळीस वर्षांचा हा गडी खंदकाच्या काठावर चढला, समोरून गोळ्या येत असताना इकडून तिकडे चालत पलटणीची कूचधून वाजवू लागला.

बॅगपाइप वाजवायचा तर तोंडावर टोपी चालत नाही. म्हणजे बाकीचे ज्या हवेपासून तोंड झाकत होते, ती हवा हा माणूस छातीभर ओढून पिशवीत भरत होता. पुढे मिळालेल्या शौर्यपदकाच्या मजकुरात धुनीचा परिणाम लिहिला आहे, की कंपनी लगेच बाहेर पडून तुटून पडली. या श्वासाचा तिथे उल्लेख नाही. वाजवणारा कुणी तो मजकूर लिहायला बसला असता, तर सुरुवात तिथूनच केली असती. जखमी होईपर्यंत तो वाजवत राहिला. नोव्हेंबरमध्ये त्याला ते पदक, व्हिक्टोरिया क्रॉस, जाहीर झालं.

त्या धुनीमागून गेलेल्यांपैकी किती परत आले, हा प्रश्न मला टाळता येत नाही. लूसच्या लढाईत इंग्रजांकडचे साठ हजारांच्या आसपास लोक मेले, जखमी झाले वा बेपत्ता झाले. आपल्या मुंबईत, जे. जे. स्कूलच्या आवारात जन्मलेल्या लेखक रुडयार्ड किपलिंगचा मुलगा याच लढाईत, दोन दिवसांनी गेला. वय अठरा. डोळे अधू म्हणून त्याला लष्कराने नाकारलं होतं, बापाने ओळख लावून भरती केलं. वाद्याने माणसं पुढे जातात. कशात जातात, हे वाजवणाऱ्याच्या हाती नसतं.

लेडलॉ १९१९ साली लष्करातून निवृत्त झाला. १९२८ साली लूसच्या लढाईवर चित्रपट निघाला, त्यात त्याने स्वतःचीच भूमिका केली. चित्रपट होता मूक! बॅगपाइपवाल्याला मूकपटात घ्यायची कल्पना कुणाची होती कोण जाणे.

पुढे ट्वीडच्या इंग्लंडकडच्या काठाला, शोर्सडीन या वस्तीत तो राहिला. तिथेच २ जून १९५० रोजी वारला आणि नॉरम गावच्या चर्चच्या आवारात त्याला पुरलं. जन्मगावापासून हे ठिकाण काही फार लांब नाही. पदक आता एडिंबराच्या किल्ल्यातल्या युद्धसंग्रहालयात आहे. थडग्यावर मात्र नावाचा दगड नव्हता. तो २००२ साली बसला, म्हणजे पन्नास वर्षं उलटून गेल्यावर.