रोमच्या रुप्यावरील राजमुखे

अध्यक्षमहाराज, प्रवासाची दगदग सोसून आलेले नाणकशास्त्रज्ञ, संग्राहक आणि नाशिककर बंधुभगिनींनो,

रोमच्या नाण्यांचा ऊहापोह गोदातीरी कशाला, असे कोणी पुसेल, तर याच जिल्ह्यात जोगलटेंभीस १९०६ साली निघालेल्या १३,००० हून अधिक रुपेरी नाण्यांकडे मी बोट दाखवीन. क्षत्रप नहपानाचे मुख आणि ग्रीक अक्षरे मिरविणाऱ्या त्या मुद्रांपैकी बहुतेकांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप मारविला. जिंकलेल्या मुलखाइतकेच जिंकलेल्या चलनावरही हक्क बजावावा लागतो, हे तो पुरते जाणत होता.

नाण्यावरून हक्क सांगण्याचा हाच डाव रोममध्येही रंगला. ज्या रोममध्ये हयात माणसाची तसबीर नाण्यावर येणे म्हणजे राजपदाची हाव मानली जाई, तेथे इसवी सनापूर्वी ४४ मध्ये सीझरचे मुख देनारियस या रुपेरी नाण्यावर झळकले, आणि त्याच वर्षीच्या मार्चमध्ये तो कट्यारींना बळी पडला. परंतु मला खरे नवल वाटते ते त्याच्या मारेकऱ्यांपैकी एक असलेल्या ब्रूटसचे. त्याने पाडलेल्या देनारियसवर दोन कट्यारी आहेत, मध्ये दास्यमुक्ताची टोपी आहे, खाली वधाच्या तिथीचा निर्देश आहे. आणि नाणे उलटून पाहावे, तो दुसऱ्या बाजूस हयात असलेल्या ब्रूटसचेच मुख! स्वातंत्र्याच्या कैवाऱ्यालाही सैन्याचा पगार भागविताना आपली छबी आवरली नाही.

पुढे सम्राट ऑगस्टसने दत्तक घेतलेल्या गायस आणि लूशियस या नातवांना ढाली-भाल्यांसह नाण्यावर उभे केले आणि वारसाहक्काचा जाहीरनामा रयतेच्या हातोहाती पोहोचविला. दोघेही त्याच्या हयातीतच वारले. ती नाणी मात्र दक्षिण भारतातील ठेव्यांतून मुबलक निघाली. त्यानंतर इसवी सन ६४ च्या सुमारास सम्राट नीरोने देनारियसचे वजन व कस दोन्ही उतरविले, आणि तिसऱ्या शतकात सम्राट गॅलिएनसच्या काळी तर तथाकथित रुपेरी नाणे बहुतांशी तांब्याचे झाले. ‘सैन्याची निष्ठा’ ही अक्षरे त्यावर कोरली जात असताना त्याचे सेनापती प्रांतोप्रांती बंड करीत होते. दरबारी मजकूर वाचताना सराफाची कसोटी हाताशी ठेवावी, असे माझे मत पडते.

शेजारच्या दालनात भिंगे मांडली आहेत. नाणी कडेने धरावीत एवढीच विनंती. आता अध्यक्षमहाराजांनी आसनस्थ होऊन कामकाजास प्रारंभ करावा.