जुन्या कॉम्प्युटरवर युनिक्स शिकताना: विंडो मॅनेजर कोणता घ्यायचा?

धुळ्याहून, देवपूरमधून, एका मित्राने आवाजी निरोप पाठवलाय. बीसीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. घरी जुना डेस्कटॉप: ड्युअल कोअर प्रोसेसर, २ जीबी रॅम, १७ इंची चौकोनी मॉनिटर. युनिक्स शिकायचंय म्हणून लिनक्स टाकणार आहे. रील्समध्ये त्याने आयथ्री बघितलंय, काळा पडदा, चार टर्मिनल, माउसला हात नाही. तर तो विचारतो, "भो, आयथ्री टाकू का? पण पप्पा त्याच कॉम्प्युटरवर दुकानाची बिलं करतात, ताई फॉर्म भरते. त्यांना जमलं नाही तर पप्पा तो विकूनच टाकतील."

मला यातलं शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. कारण जळगाव काय, धुळे काय, आपल्याकडे घरात एकच कॉम्प्युटर असतो आणि तो कुणा एकाचा नसतो. यूट्यूबवर विंडो मॅनेजरची तुलना करणारा माणूस हे गृहीतच धरत नाही. त्याच्या टेबलावर त्याचं मशीन असतं.

आधी विंडो मॅनेजर म्हणजे काय ते बघू. विंडोज वापरताना हे वेगळं दिसत नाही, सगळं एकच वाटतं. युनिक्सच्या जगात पडद्यावर चित्र काढणारा प्रोग्राम वेगळा, त्याला एक्स सर्व्हर म्हणतात. हे एक्स १९८४ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत सुरू झालं. आणि खिडक्या कुठे ठेवायच्या, किती मोठ्या, कोणती पुढे, कोणती मागे, हे ठरवणारा प्रोग्राम वेगळा. तोच विंडो मॅनेजर. लग्नाच्या पंगतीत एक काका असतात बघा, "तुम्ही इकडे बसा, ही रांग भरली, पुढची लावा." स्वयंपाक त्यांचा नाही, मांडवही त्यांचा नाही. फक्त बसवणं त्यांचं.

हे नुसतं ऐकून समजत नाही, करून बघा. कंट्रोल, ऑल्ट आणि एफटू दाबा, काळ्या पडद्यावर लॉगिन करा आणि टाइप करा: स्टार्टएक्स, मग जागा सोडून स्लॅश युएसआर स्लॅश बिन स्लॅश एक्सटर्म. एक टर्मिनल उघडेल, कोपऱ्यात. त्याला वरची पट्टी नाही, बंद करायची फुली नाही, ते हलत नाही. माउसचा बाण त्यावर असेल तरच टायपिंग होईल. पंगत आहे, काका नाहीत. आता त्याच टर्मिनलमध्ये ओपनबॉक्स लिहा, पुढे अँडचं चिन्ह द्या आणि एंटर मारा. पट्टी आली! खिडकी हलायला लागली! मग किल कमांडने ओपनबॉक्स मारून टाका. पट्टी गेली, पण टर्मिनल जिवंत आहे, त्यात लिहिलेलं सगळं तसंच आहे. लगेच आईसडब्ल्यूएम चालू करा, दुसरे काका आले.

या पाच मिनिटांत तुम्ही प्रोसेस, बॅकग्राउंड आणि सिग्नल हे तिन्ही धडे हाताने केलेत. परीक्षेत याच्यावर टिपा लिहायला येतात, पण त्या पाठ करून येणारी समज आणि ही समज यात फरक आहे. माझ्या मते शिकणाऱ्याने विंडो मॅनेजरकडे बघायचं ते यासाठी. देखावा नंतर.

आता निवड. लोक आधी रॅमचं विचारतात. त्याला इतिहासही आहे. १९९३ मध्ये रॉब नेशन नावाच्या प्रोग्रामरने टीडब्ल्यूएम हा तेव्हाचा विंडो मॅनेजर उघडून बघितला, कारण तो मेमरी जास्त खात होता. ती कमी करता करता एफव्हीडब्ल्यूएम तयार झाला. तो आजही ओपनबीएसडीसोबत येतो. पण आज २ जीबीच्या मशीनवर ओपनबॉक्स घ्या, आईसडब्ल्यूएम घ्या की आयथ्री, त्यांच्यातला फरक काही एमबीचा असतो. मेमरी खातो ब्राउझर. खात्री करायची तर टॉप कमांड चालवा, मोठा एम दाबा, यादी मेमरीप्रमाणे लागेल. वर कोण बसलंय ते बघा. त्यामुळे जीनोमसारखं भरलेलं डेस्कटॉप टाळलंत की रॅमचा मुद्दा जवळपास संपला. मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो तेव्हा जुना पंखाही जरा कमी ओरडेल.

त्यापेक्षा मॉनिटरचं बघा. १७ इंची चौकोनी एलसीडी बहुतेक १२८० बाय १०२४ असतो. आयथ्रीने पडद्याचे उभे दोन भाग केले की प्रत्येकाला ६४० पिक्सेल. मॅन्युअलची पानं वाचायला ८० अक्षरांची ओळ सोयीची. एक अक्षर सात पिक्सेलचं धरलं तर ८० अक्षरांना ५६० लागतात, म्हणजे आरामात बसतं. पण १५ इंची, १०२४ वाला मॉनिटर असेल तर अर्ध्यात ५१२च, ओळी तुटणार. तिथे आयथ्रीची सगळी मजा जाते. रील बनवणाऱ्याचा मॉनिटर किती मोठा आहे ते आधी बघा!

आणि एक परीक्षा जी इंग्रजी व्हिडिओत कुणीच घेत नाही. "खिडकी" नावाचं फोल्डर बनवा, दुसरं "शक्ती" नावाचं. उघडा आणि पट्टीवरचं नाव वाचा. ओपनबॉक्स आणि आयथ्री अक्षरं काढायला पँगो नावाची लायब्ररी वापरतात, तिथे नाव नीट दिसतं. डीडब्ल्यूएम ती वापरत नाही, त्यात वेलांटी ख च्या चुकीच्या बाजूला जाते आणि जोडाक्षर सुटं पडतं. पप्पांच्या फायलींची नावं मराठीत असतील तर हा छोटा मुद्दा नाही. डीडब्ल्यूएम वाईट आहे असं मी म्हणत नाही. त्याची सेटिंग सी भाषेच्या फाइलमध्ये असतात, बदल केला की पुन्हा कंपाइल करावं लागतं. सी शिकणाऱ्याला ते सोनं आहे. पण पहिल्या महिन्यात नको.

मग धुळ्याच्या मित्राने काय करावं? आयथ्री टाकावं. आणि पप्पांना ते दाखवूच नये.

हसू नका. युनिक्स मुळात एका मशीनवर अनेक जणांनी काम करावं म्हणूनच वाढलं. बेल लॅब्समध्ये १९६९ ला सुरू झालं आणि सत्तरच्या दशकात एकाच कॉम्प्युटरला अनेक टर्मिनल जोडून लोक त्यावर काम करत होते. तुमच्या घरची अडचण तिथे आधीच सोडवलेली आहे. अ‍ॅडयूजर कमांडने पप्पांचं एक खातं, ताईचं एक. त्यांच्या खात्यात एलएक्सक्यूटी ठेवा. खाली पट्टी, डावीकडे मेनू, विंडोज वापरलेल्या माणसाला पाच मिनिटांत कळतं, आणि गंमत म्हणजे आत बहुतेक वेळा ओपनबॉक्सच चालत असतो. लॉगिनच्या पडद्यावर सेशन निवडता येतं, प्रत्येक खात्याचं वेगळं. तुमच्या खात्यात तुम्ही आयथ्री लावा, उद्या मोडा, परवा ओपनबॉक्स आणा. सुडो वापरून काही करत नाही तोपर्यंत पप्पांच्या बिलांना धक्का लागत नाही. त्यांचा पासवर्ड मात्र त्यांनाच ठरवू द्या.

मराठी टायपिंगचं सांगतो. एलएक्सक्यूटीत ते मेनूतून लावता येतं. नुसत्या ओपनबॉक्समध्ये कुणी लावून देत नाही. होम फोल्डरमधल्या डॉट कॉन्फिग, त्यात ओपनबॉक्स, त्यात ऑटोस्टार्ट नावाची फाइल, तिथे आयबस सुरू करायची ओळ तुम्हीच लिहायची. लोहित देवनागरी फॉन्टही आधी टाकून घ्या.

विंडोज पुसायच्या आधी दोन गोष्टी. हिशेब टॅलीवर असेल तर विंडोज ठेवाच, टॅली लिनक्सवर थेट चालत नाही. आणि प्रिंटर. पेनड्राइव्हवर अँटिएक्स घ्या, इन्स्टॉल न करता त्यावरूनच मशीन सुरू होतं आणि आईसडब्ल्यूएम तयारच मिळतो. प्रिंटर जोडा, पप्पांसमोर एक बिल छापून बघा. ते छापलं गेलं तर पुढचं बोलणं सोपं जाईल.

मशीन ३२ बिटचं आहे का तेही तेव्हाच एलएससीपीयू कमांडने बघा. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ने ३२ बिट पीसीसाठी इन्स्टॉलर देणं थांबवलंय. पण जुनं म्हणजे ३२ बिटचंच असं नसतं, कोअर टू ड्युओसुद्धा ६४ बिटचा आहे. फुल्ली ३२ बिट निघालं तर डेबियन १२ वर बसलेली आवृत्ती घ्या, तिच्यावर अजून काही वर्षं निघतील.

गोलाणी मार्केटला जाणं झालं तर जुनी डीडीआर टू रॅम विचारून या. जाताना आपली काढलेली रॅम सोबत न्या, दुकानदाराला दाखवायला. पुढच्या भागात शेल.