दुर्गाडी ते ठाणे, एकतीस वर्षं उशिरा

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



१९९४ साली आपण नववीत असताना वर्गाची सायकल सहल दुर्गाडीला गेली होती, आठवतं? मुलांना आठवत असेल. आम्ही मुली त्या दिवशी शाळेत थांबून भित्तिपत्रक करत होतो. दुर्गाडीचं चित्र मी काढलं, पुस्तकात बघून. किल्ला तोवर पाहिलाच नव्हता. माझी लेडीबर्ड सायकल मात्र खाली स्टँडला उभी होती.

पुढे इंजिनीअरिंग, नोकरी आणि रोजची ८.१२ ची लोकल यांत सायकल सुटली. कंपनीच्या कामासाठी फ्रान्सला गेले, तेव्हा एका रविवारी भाड्याची सायकल घेऊन लोआर नदीच्या काठाने फिरले. तिथे सुमारे ९०० किलोमीटरचा सायकलमार्ग आहे. एका वळणावर राजवाडा, तर पुढच्या वळणावर नवा पूल. मनात आलं, हे सगळं आपल्या उल्हास नदीच्या काठीही आहे की!

म्हणून गेल्या महिन्यात आपल्याच वर्गातल्या आम्ही तिघी पहाटे साडेपाचला दुर्गाडीखाली भेटलो. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि याच खाडीत मराठी आरमाराची सुरुवात झाली. तिथून पत्रीपूल. १९१४ चा जुना पूल २०१८ मध्ये पाडला, नवा २०२१ मध्ये सुरू झाला. मग ठाकुर्लीवरून डोंबिवलीत मोठागाव, आणि तिथून माणकोलीचा खाडीपूल. पुलावर थांबून मागे पाहिलं तर एवढे टॉवर, की आपली शाळा नेमकी कुठे ते कळेना.

पलीकडे नुसती गोदामं. त्यांच्यामध्येच अंजूर. साष्टी-वसईची मोहीम व्हावी म्हणून पेशव्यांकडे खटपट करणाऱ्या गंगाजी नाईकांचं हे गाव. पुढे काल्हेर, कशेळी, बाळकुम, साकेत, आणि शेवटी ठाण्याचा किल्ला. पोर्तुगीजांनी तो १७३० मध्ये बांधायला घेतला आणि १७३७ मध्ये मराठ्यांनी जिंकला. आज तिथे मध्यवर्ती कारागृह आहे. १९ एप्रिल १९१० ला अनंत कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे यांना तिथेच फाशी दिलं गेलं. आम्ही भिंतीबाहेर पाच मिनिटं उभ्या राहिलो. मग वडापाव.

खोटं कशाला सांगू, कशेळीच्या रस्त्यावर कंटेनर अंगावरून गेल्यासारखे जातात. तिथे मी घाबरले. नदीकाठ आपल्याकडे आहे, पण सायकलला वाट नाही.

घरी येऊन सरांना फोन केला. सर आज पहिल्या रांगेत बसले आहेत, त्यांच्या परवानगीनेच सांगते. विचारलं, "सर, तेव्हा मुलींना का नेलं नाहीत?" सर म्हणाले, "पत्रीपुलावर ट्रक असायचे गं. एखाद्या मुलीला काही झालं असतं तर?" मी म्हटलं, "आणि मुलांना?" सर जरा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मुलांचं असं कुणी विचारलंच नाही. मीही नाही."

मला तेव्हा सरांवर रागावायचं होतं. पण जमलं नाही. माझी लेक आता नववीत आहे. आदल्या आठवड्यात तिने क्लासला सायकलने जाऊ का विचारलं, तेव्हा मी काय म्हटलं माहीत आहे? "रस्त्यावर ट्रक असतात गं." तिचा भाऊ मात्र सातवीपासून सायकलने जातो.

त्या संध्याकाळी मी लेडीबर्ड माळ्यावरून काढली. टायर नवे घातले. लेक चालवते, मला भीती वाटते, दोन्ही चालू आहे.

जानेवारीच्या पहिल्या रविवारी, पहाटे साडेपाचला, दुर्गाडीखाली. मुलग्यांनो, तुम्हीही या, आणि आपापल्या लेकींना घेऊन या. सर, तुमच्यासाठी मागून रिक्षा ठेवली आहे. या वेळी भित्तिपत्रक तुम्ही करायचं.